कागदावरचे नऊ महिने

घाईबाई हे नाव तिला लाँड्रीतल्या बायकांनी ठेवलं, आणि उगाच नाही ठेवलं. हॉटेलच्या चादरी इतर जणी उलगडतात तोवर हिचा गठ्ठा इस्त्री होऊन बांधूनही तयार. लग्न घाईत, देश सोडला घाईत, आणि मुलीची शाळा? ती तर विचारूच नका!

पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागत. पोरीला नऊ महिने कमी पडत होते. घाईबाईने गावच्या शाळेत मुख्याध्यापकांसमोर बिनधास्त नऊ महिने आधीची जन्मतारीख सांगितली. तेव्हा सगळेच सांगायचे, कोण विचारतंय! शाळेच्या त्याच दाखल्यावर पुढे पासपोर्ट निघाला. घरात वाढदिवस खऱ्या तारखेला व्हायचा आणि पोरगी सगळ्यांना चिडवायची, "मला दोन वाढदिवस, केक मात्र एकच!"

इथे परदेशात आठ वर्षं काढल्यावर तिघांनी मिळून नागरिकत्वाचा अर्ज केला. दोन वर्षं तो कुठल्याशा कपाटात पडून राहिला. मग एकदाचं बोलावणं आलं.

"तिसरं नाव काढावं लागेल," खिडकीतला कारकून म्हणाला. "मुलगी मंगळवारी अठराची झाली. सज्ञान मूल आईवडिलांच्या अर्जात बसत नाही."

घाईबाईच्या अगदी ओठांवर आलं होतं, अहो, ती सतराचीच आहे! शेजारी उभ्या नवऱ्याने तिचं मनगट घट्ट धरलं. तो सुतार, त्याची पकड ती.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "एक तारीख खोटी निघाली की ते सगळंच उकरतील. तिघंही बाहेर." वकीलबाईंनीही तेच सांगितलं. वर आणखी एक सांगितलं, की मुलीचा राहण्याचा परवाना आईवडिलांच्या परवान्याला बांधलेला आहे. ते नागरिक झाले की तो संपला. मग नव्वद दिवसांत तिने देश सोडायचा. आणि अर्ज मागे घेतला तर आईवडिलांचा परवानाही पुन्हा वाढणार नव्हता.

घरी मुलीने सगळं ऐकून घेतलं.

"पण मी सतराची आहे ना? मग सांग की त्यांना!"

"सांगितलं तर तिघांनाही जावं लागेल गं."

पोरीने पासपोर्ट उघडून ती तारीख पाहिली. मग म्हणाली, "मग तुम्ही दोघं राहा."

घाईबाई त्या दिवशी ढसाढसा रडली. नऊ महिने पोटात सांभाळलं आणि नेमके तेच नऊ महिने आपणच पोरीचे हिरावले, मेलं एक वर्ष वाचवायला! काय केलं त्या वर्षाचं? लोणचं घातलं?

शपथेचा दिवस आठ महिन्यांनी आला. पोरीच्या खऱ्या वाढदिवसाला अजून तीन आठवडे होते. ती मागे पाहुण्यांच्या खुर्चीत बसली होती. गावी मावशीकडे जायचं तिकीट काढून झालं होतं. सात वर्षांची असताना सोडलेलं गाव तिला धड आठवतही नव्हतं.

टेबलावर शेवटचा कागद आला. 'मी दिलेली सर्व माहिती खरी आहे.' खाली सही आणि तारीख.

घाईबाईचा हात हलेना. मागची रांग चुळबुळायला लागली, नवरा खाकरला, तरी हलेना. शेवटी मुलगीच उठून आली आणि तिने गळून पडलेलं पेन आईच्या बोटांत दिलं.

"कर गं आई. माझं जायचं ठरलंय, तुमचं तरी होऊ दे."

घाईबाईने सही केली. मग तारीख घातली, एकेक आकडा सावकाश, त्या दिवसाची खरी तारीख.