हात ठेवला की कांड्या चढतात

रविवारी सकाळी शोरूमच्या दारात एवढी गर्दी होती की विजेवरची स्कूटर घ्यायला आलेल्यांना स्कूटर दिसत नव्हती. दिसत होते ते फक्त स्पर्शगुरू. पांढरा झगा, पांढरी दाढी आणि पायात गुडघ्यापर्यंत काळे रबरी बूट. बूट कशाला, असं एका बाईंनी विचारलं तेव्हा शोरूमचा मालक आवाज खाली आणून म्हणाला, "महाराजांच्या अंगातली वीज जमिनीत उतरली तर अख्ख्या भागाचे दिवे जातील." बाई दोन पावलं मागे सरकल्या.

"वीज तारेत नसते," स्पर्शगुरू सांगत होते. "वीज भावात असते."

"भाव काय आहे?" मागून कुणीतरी विचारलं.

"तो आतल्या काउंटरवर," मालक म्हणाला.

पहिल्या रांगेत काटेसाहेब उभे होते. काटे हे त्यांचं आडनाव नव्हे. वजनमापे निरीक्षक म्हणून चौतीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले, त्यातून पडलेलं ते नाव. निवृत्तीला सहा वर्षं झाली तरी ते समोर दिसले की भाजीवाली पारड्यावरचा अंगठा आपोआप उचलून घेई. अशा माणसाला फसवणं सोपं नव्हतं. निदान त्यांचा स्वतःचा तरी तसा समज होता.

शोरूमच्या माणसाने एका धिप्पाड गिऱ्हाइकाला मागे बसवून स्कूटर शेजारच्या चढावर चार-पाच वेळा पिटाळली. परत आला तेव्हा मीटरवरच्या चार्जच्या पाच कांड्यांपैकी एकच उरली होती आणि तीही लुकलुकत होती. सगळ्यांनी ती वाकून पाहिली. लगेच किल्ली बंद झाली. स्पर्शगुरूंनी सीटवर उजवा हात ठेवला आणि डोळे मिटले.

"दहा मिनिटं मौन," मालक कुजबुजला. "गाडीला कुणी हात लावायचा नाही, हलवायची नाही, किल्ली फिरवायची नाही."

दहा मिनिटांनी किल्ली फिरली. मीटरवर तीन कांड्या.

गर्दीतून एक लांबलचक उसासा निघाला. काटेसाहेब मात्र खाली बसले. त्यांनी चाकामागे पाहिलं, सीट उचलायला लावली, भिंतीवर चोरटा प्लग आहे का तेही तपासलं. वायर कुठेच नव्हती. जिथे लबाडी नव्हती तिथे त्यांनी कसून शोध घेतला, आणि ती सापडली नाही म्हणून त्यांची खात्री पटली.

स्कूटर हवी होती सुनेला. मुलगा जहाजावर, वर्षातून दोन महिने घरी. सून डायलिसिस केंद्रात टेक्निशियन. केंद्र घरापासून सतरा किलोमीटर, मध्ये एक लांब पूल, आणि त्या मार्गावरची पहाटेची बस महिन्याभरापूर्वी बंद झालेली. सात वाजता तिने पोचायचं, पाणी शुद्ध करायचं यंत्र चालू करायचं, मशिनं धुवायची, मग पावणेआठला पहिला पेशंट. सकाळी हे करणारं तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

"बाबा, मला रोज चौतीस किलोमीटर भागलं म्हणजे झालं," ती म्हणाली होती. "रंग कुठलाही चालेल."

त्याआधी काटेसाहेब कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडेही जाऊन आले होते. तोही एक स्वस्तातली स्कूटर विकत होता. "एका चार्जवर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर धावेल," तो म्हणाला. "पूल रोजचा असेल तर त्याहून कमीच धरा. दोन दिवस घेऊन जा, सूनबाईंना त्यांच्या रस्त्यावर चालवू दे, मग बोलू."

जो माणूस स्वतःच्या मालाबद्दल इतकं कमी बोलतो त्याच्या मालात काहीतरी खोट असणार, असं काटेसाहेबांनी ठरवलं. शोरूमवाला साठ म्हणत होता, आणि वर हात.

स्कूटर घरी आली. मीटरशेजारी स्पर्शगुरूंच्या पंजाचं स्टिकर.

"हे साठ किलोमीटर मोजलेत कुणी?" सुनेने विचारलं.

"अगं, मी डोळ्यांनी पाहिलं."

"साठ किलोमीटर?"

"कांड्या पाहिल्या."

सासूबाई आतून म्हणाल्या, "तांदळाचा एक दाणा कमी आला तर दुकान सील करायचे. आता बघा."

तीन आठवडे बरे गेले. संध्याकाळी सून परत येताना पुलावर गाडी गोगलगाय व्हायची, पण पोचायची. पार्किंगमध्ये चार्जर लावायचं काम काटेसाहेबांनी स्वतःकडे घेतलं होतं. निवृत्त माणसाला घरात एवढं तरी खातं हवं.

चौथ्या शनिवारी मालकाचा फोन आला. "उद्या गाडी महाराजांकडे आणा. मोफत आहे. फक्त आज चार्जर लावू नका. महाराज म्हणतात, भरलेल्या भांड्यात काय ओतणार?"

काटेसाहेबांना हे पटलं. शनिवारी चार्जर लावला नाही. रविवारी मरगळलेली गाडी हळूहळू नेली, स्पर्शगुरूंनी हात ठेवला, कांड्या एकाच्या चार झाल्या. "आता वर भिंतीतली वीज भरू नका," गुरू म्हणाले. "ऊर्जेचा अपमान होतो." गाडी टेम्पोतून घरपोच आली. तेवढी सेवा शोरूमने केली, आणि ती का केली हे काटेसाहेबांच्या तेव्हा डोक्यात आलं नाही.

रात्री जेवताना सुनेने विचारलं, "बाबा, चार्ज झाली ना?"

"झाली," ते म्हणाले. त्यांच्या हिशेबी हे खोटं नव्हतं.

सोमवारी सकाळी चार कांड्या पाहून ती निघाली. साडेनऊला तिचा फोन आला. दोन वाक्यांचा. गाडी पुलावर बंद पडली. शिंपीकाकांना मोठ्या हॉस्पिटलात हलवलंय.

शिंपीकाका म्हणजे तिचा सोमवारचा पहिला पेशंट. काटेसाहेब त्यांना पाहून ओळखत नव्हते, पण सुनेच्या दोन गाऊनांच्या बाह्या त्यांनी केंद्रात पडल्या पडल्या हातशिलाईने नीट करून दिल्या होत्या. शुक्रवारनंतर थेट सोमवार, मध्ये दोन दिवस रक्त स्वच्छ होत नाही, अंगात पाणी साचतं. त्या दिवशी ते साडेसातलाच धापा टाकत आले. केंद्राच्या दाराला कुलूप होतं. सून मिळेल त्या रिक्षाने पोचली ती पावणेनऊला, आणि मशिन तयार व्हायला अजून पाऊण तास. तेवढा वेळ काकांकडे नव्हता. फुप्फुसांत पाणी झालं होतं. अॅम्ब्युलन्स आली.

संध्याकाळी ती घरी आली ती मेकॅनिकच्या टेम्पोतून, स्कूटरसकट. चप्पल काढली, पाणी प्यायली.

"चार्जर कुणी काढला होता?"

"काढला नव्हता," काटेसाहेब म्हणाले. "लावलाच नव्हता. शनिवारपासून."

तिने रिकामा ग्लास ओट्यावर ठेवला. ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

"काका कसे आहेत?" त्यांनी विचारलं.

"ऑक्सिजनवर आहेत. त्यांची बायको मला म्हणाली, तुम्ही कधी उशीर करत नाही हो. काय सांगणार होते मी तिला? सासऱ्यांनी गाडीला आशीर्वाद भरला होता?"

सासूबाईंनी गॅस बंद केला आणि तशाच ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

मग सूनच म्हणाली, "बाबा, खाली चला. एक दाखवते."

पार्किंगमध्ये तिने किल्ली फिरवली. दोन कांड्या.

"सकाळी पुलावर ही शून्य झाली. मी कडेला घेतली, रिक्षा शोधत दहा मिनिटं उभी राहिले. परत किल्ली फिरवली तर तीन. मला वाटलं, चला, सुटलो. दोन खांब पुढे गेले आणि पुन्हा शून्य. असं पाच वेळा झालं. तिथे कुणी महाराज नव्हते, बाबा. मी होते आणि कबुतरं होती."

तिने पुढचं चाक भिंतीला घट्ट टेकवलं आणि क्षणभर अॅक्सिलरेटर पिळला. मोटर घुरघुरली, कांड्या झपकन एकावर आल्या. सोडला. पुन्हा दोन.

"हा मीटर बॅटरीत किती माल आहे ते सांगत नाही. तिचा जोर, म्हणजे व्होल्टेज, तेवढा दाखवतो. गाडी ओढायला लागली की तो खाली बसतो, थांबली की वर येतो. थकलेली बॅटरी दहा मिनिटं पडू दिली की अजून थोडा वर येतो. आमच्याकडे जिना चढून आलेल्या पेशंटची नाडी लगेच बघत नाही आम्ही. दहा मिनिटं बसवतो, मग ती शांत येते. म्हणून काय तो बरा झाला?"

काटेसाहेब मीटरकडे बघत राहिले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "रिकामा काटा."

"काय?"

"नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचो मी. पारडं रिकामं असताना प्रत्येक तराजू खरा दिसतो. आधी वजन टाका, मग काटा बघा. मी वजन टाकलंच नाही गं."

त्या आठवड्यात सून रिक्षा, बस, पुन्हा रिक्षा अशी जात होती, पहाटे सव्वापाचला घर सोडून. काटेसाहेब तिच्याबरोबर उठत, चहा करत, आणि तो कप हातात देताना तिच्याकडे बघायचं टाळत.

रविवारी ते स्कूटर घेऊन शोरूमवर गेले. सूनही आली.

"या साहेब," मालक म्हणाला. "पुन्हा स्पर्श?"

"दोन गाड्यांना," काटेसाहेब म्हणाले. "ही माझी आणि ती तुमची. दोन्ही चढावर दमवा. महाराज एकीवर हात ठेवतील. दुसरीवर हे." त्यांनी कोपऱ्यातल्या बादलीतलं फरशी पुसायचं फडकं उचललं.

"साहेब, तुम्ही आता सरकारी अधिकारी नाही."

"नाहीच. अधिकार नाही म्हणून तर विनंती करतोय."

गर्दीला फडक्याची कल्पना आवडली. मालकाला नाही म्हणता येईना. दोन्ही गाड्या एका कांडीवर आल्या. एका सीटवर हात, दुसऱ्या सीटवर फडकं. दहा मिनिटं मौन. फडक्याने तर ते उत्तम पाळलं.

महाराजांना तीन कांड्या. फडक्याला चार.

कुणीतरी फिस्सकन हसलं. स्पर्शगुरूंनी मात्र पापणी हलू दिली नाही. "आमची ऊर्जा शेजारी झिरपते," ते म्हणाले. "फडकंही पावन झालं."

"मग तर प्रश्नच मिटला," सून म्हणाली. "महाराज, माझ्या मागे बसा. दोन्ही हात गाडीवर ठेवा. पुलापर्यंत जाऊन येऊ. झिरपायलाही नको, थेट मिळेल."

"आमची साधनेची वेळ झाली."

"बसा की महाराज," लोक म्हणाले. आता ते मागे हटणार नव्हते, तेच लोक जे मघाशी वाकून बघत होते. स्पर्शगुरू बसले. गाडी चढाला लागली, अर्ध्या वाटेत कण्हली आणि थांबली. सून गाडी ढकलत परत आली. तिच्यामागून रबरी बुटांत फचाक फचाक करत महाराज पायी आले, ते थेट शोरूमच्या मागच्या खोलीत गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सुनेने गाडी लावली आणि जमलेल्यांना मीटरचं सगळं समजावून सांगितलं, पार्किंगमध्ये सांगितलं होतं तसंच. निम्मे लोक ऐकत होते. एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "आज महाराजांची तब्येत बरी नसेल." आणि ते काउंटरकडे वळले. काटेसाहेबांनी ते पाहिलं. त्यांना हसू आलं नाही. महिन्यापूर्वी त्या जागी ते स्वतः होते.

हातात बुकिंगचा फॉर्म घेतलेली एक बाई पुढे आली. गळ्यात शाळेचं ओळखपत्र. "काका, तुम्ही जाणकार दिसता. फसलात कसे?"

"जाणकार होतो म्हणूनच," काटेसाहेब म्हणाले. "मला वाटलं, मला कोण फसवणार. माझ्या सुनेला सात वाजता डायलिसिसची मशिनं सुरू करायची असतात. मी चार्जर न लावता तिला 'झाली चार्ज' म्हणून सांगितलं. ती पुलावर अडकली. केंद्राच्या दारात एक शिंपीकाका श्वासासाठी तडफडत होते. काल घरी आले. अजून आडवं होऊन झोपता येत नाही त्यांना, बसून झोपतात. महाराजांनी नुसता हात ठेवला, बाई. उशीर मी केला."

बाई फॉर्मकडे पाहू लागली. "मग घ्यायची तरी काय बघून?"

"मीटर थांबलेल्या गाडीवर बघू नका. किती धावते ते मालकाला विचारू नका, महाराजांना तर नाहीच. आणि मी सांगतोय म्हणूनही काही मानू नका. तुमचं काम किती लांब आहे?"

"जाऊन येऊन बावीस. वाटेत एक चढ आहे. मागे मुलगी असते."

"मग मुलीला बसवा, चढ चढा, बावीस किलोमीटर करून या. कुणी करू देत नसेल तर तिथून घेऊ नका. आल्यावर काय उरलंय ते बघा, आणि मग सही करा."