मामाचा भागीदार

"मागे बघू नकोस," मामा पुढून म्हणाला. "हातात काच असताना पाठीमागे कोण आलं ते बघायचं नाही. आधी काच ठेवायची, मग जग बघायचं."

भाच्याने मान सरळ ठेवली. एका कपड्यांच्या दुकानातला, कडेला तडा गेलेला पुरुषभर उंचीचा आरसा बदलायला आला होता आणि तो आडवा धरून दोघे पायऱ्या चढत होते. मागे रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला, दार लागलं, आणि मग कुणीतरी घसा खाकरलं. ते खाकरणं त्याने ओळखलं. बाबांना कुणाच्याही दुकानात, अगदी मेहुण्याच्याही, सरळ हाक मारून शिरणं जमत नसे. ते आधी खाकरायचे, मग थांबायचे, आणि कुणी बोलावलं नसतं तर बहुधा आल्या पावली परतही गेले असते.

आरसा भिंतीला टेकल्यावरच भाचा वळला. बाबा पायरीखाली उभे होते, हातात गाडीची किल्ली. हसावं की नाही हे त्यांचं ठरत नव्हतं.

"या, भाऊजी," मामा म्हणाला, पण त्याची नजर गेली ती गल्ल्यामागे बसलेल्या भागीदाराकडे. भागीदाराने हातातली फूटपट्टी ठेवली आणि गुडघा दाबत तो आतल्या जिन्याने वर गेला. कशाला गेला ते भाच्याला ठाऊक होतं. तो पलंग आवरायला गेला होता.

सगळा बाजार त्याला भागीदारच म्हणायचा, त्यामुळे भाचा तोंडाने काका म्हणत असला तरी मनात त्याच्यासाठी तेच नाव होतं. ऐन पंचविशीत मामाने आणि त्याने मिळून हे काचेचं दुकान काढलं, आणि वरच्या बिऱ्हाडात दोघे राहायला लागले. लोकांनी आधी स्थळं आणली, मग टोमणे आणले, आणि शेवटी दोन्ही आणायचा कंटाळा केला. "आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही माणसाची खोड काही जायची नाही," असं मामा म्हणायचा. "म्हणून आपणच जरा जास्त नीट झाकायचं." झाकण्यात दोघे पटाईत होते. खाली दुकानात एकमेकांना अहो-जाहो करायचे, वर गेले की अरे-तुरे. वर दोन खोल्यांत दोन पलंग होते. त्यातल्या आतल्या पलंगावर चौकटींचे नमुने, पुठ्ठे आणि जुन्या वर्तमानपत्रांचा ढीग असायचा. पाहुणा येणार म्हटलं की ढीग पलंगाखाली जायचा आणि वर स्वच्छ चादर पडायची. भाचा राहायला आला तेव्हाही ती पडली होती. मग एका सकाळी तो उठून बघतो तर ढीग पुन्हा पलंगावर. कुणी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, पण हॉलमधल्या दिवाणावर बसून चहा पिताना त्याला एकदम भरून आलं. ह्या दोघांनी आपल्यापासून काही झाकायचं नाही असं ठरवलं होतं. एवढा मान त्याला आजवर कुणी दिला नव्हता.

होस्टेलमध्ये त्याचं स्वतःचं काही झाकलेलं उरलं नव्हतं. त्याचा सख्खा चुलतभाऊ त्याच कॉलेजात एक वर्ष पुढे होता. लहानपणी दोघे एका पांघरुणात झोपलेले. त्यानेच भाच्याचा फोन हातात घेतला, एका मुलाला लिहिलेले निरोप वाचले, आणि जेवणाच्या हॉलमध्ये टेबलावर उभं राहून, नाजूक आवाज काढत सगळ्यांना ऐकवले. त्यानंतर भाचा ज्या बाकावर बसेल तो बाक रिकामा व्हायला लागला. तो आंघोळीला आला की पोरं टॉवेल छातीशी धरून किंचाळायची. कुणी गादीवर पाणी ओतायचं, कुणी आरशावर लिपस्टिकने नको ते लिहायचं. ज्याला ते निरोप लिहिले होते तो मुलगा तर सगळ्यांत मोठ्याने हसायचा. त्याला स्वतःला वाचवायचा तेवढाच रस्ता होता. वॉर्डनने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि भाच्याला चालण्या-बोलण्यात जरा सुधारणा करायला सांगितली. त्याच संध्याकाळी तो अंगावरच्या कपड्यांनिशी निघाला आणि थेट इथे आला.

आठवडाभरातच, भांडी घासता घासता, त्याने दोघांना सगळं सांगून टाकलं होतं. ताट पुसणारा भागीदार थांबला. मामाने ओला हात त्याच्या मानेवर ठेवला. "इथे तुला कुणी बोट लावणार नाही," तो म्हणाला. "शब्द आहे माझा."

वर आल्यावर बाबा दिवाणाच्या अगदी कडेला बसले.

"बरा दिसतोय," ते भाच्याकडे बघून म्हणाले. "अंगानेही जरा भरलाय."

"काम करतो ना," मामा म्हणाला. "हात चांगला बसलाय त्याचा."

भागीदार चहा घेऊन आला. बाबांनी अदबीने कप उचलला. "तुम्हीही इथेच राहता, नाही का?"

"आतली खोली भाड्याने दिलीय ह्यांना," भागीदाराने तोंड उघडायच्या आत मामा म्हणाला. "आमचे भाडेकरू."

भागीदाराने बशी हळूच खाली ठेवली. आतल्या खोलीचं दार मुद्दाम उघडं टाकलेलं होतं. पलंगावरची चादर इतकी ताठ होती की तिच्यावर रोज कुणी झोपतं हे शेंबड्या पोरालाही पटलं नसतं. बाबांना मात्र पटलं.

"तर," ते म्हणाले, आणि पुन्हा खाकरले. "कॉलेजातलं कळलं आम्हाला. सगळंच कळलं. मला ह्यातलं काही समजत नाही, खोटं कशाला बोलू. पण घरी न्यावा तर वरच्या मजल्यावर भावाचं बिऱ्हाड, सुट्टी लागली की त्याचा पोरगाही तिथेच. उठता-बसता समोरासमोर यायचं. म्हणून म्हटलं, तुला विचारावं. तू म्हणशील तसं करू."

भाच्याने ते मनातल्या मनात पुन्हा म्हणून बघितलं. तू म्हणशील तसं. म्हणजे आता फक्त मामाने राहू दे म्हणायचं होतं.

"तुझी ताईच म्हणाली, भाऊला विचारा," बाबा चहा ढवळत म्हणाले. "तो समजून घेईल, म्हणाली."

मामाचा कप ओठांपाशी थांबला.

"समजून घेईल म्हणजे?"

"म्हणजे, बाकी कुणाला नाही कळलं तरी त्याला कळेल, असं म्हणाली."

"मलाच का कळेल?"

बाबा गडबडले. "अरे, तसं काही नाही. तिचा जीव आहे तुझ्यावर, एवढंच."

कदाचित एवढंच नसेलही. ताईने बऱ्याच वर्षांपूर्वी सगळं ओळखलं असेल, आणि कधीतरी, कसंतरी, मला ठाऊक आहे आणि माझी काही तक्रार नाही, हे तिला भावाला कळवायचं असेल. मामाच्या कानांवर मात्र ते तसं पडलं नाही. भर बाजारात कुणीतरी आपलं धोतर ओढलं असं त्याचं तोंड झालं. भाच्याला वाटलं, खाली बाजारात काही ऐकू जाऊ नये म्हणून आता तो उठून खिडकी लावेल. तो उठला नाही. त्याने कप खाली ठेवला आणि दुकानात उधार मागणाऱ्यांशी बोलायचा तो आवाज काढला.

"भाऊजी, स्पष्ट सांगतो. ह्याला घेऊन जा. मी ठेवून घेतला तो अभ्यासाचा ताण आलाय असं समजून. खरं कारण माहीत असतं तर घराची पायरी चढू दिली नसती."

"मामा," भाचा म्हणाला. "मी सांगितलं होतं तुला."

"मला?" मामाने सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं. त्याची नजर जरासुद्धा ढळली नाही. "कधी?"

भाच्याने भागीदाराकडे पाहिलं. भागीदार रिकाम्या ट्रेकडे बघत होता.

"असली थेरं माझ्या घरात चालायची नाहीत," मामा बाबांना म्हणाला. "लाडावून ठेवलंय तुम्ही. घरी न्या, कामाला लावा, वेळेवर लग्न करून द्या. आपोआप ताळ्यावर येईल."

बाबांनी मान हलवली. आपलंच काहीतरी चुकलं असावं अशी ती मान हलली. ते म्हणाले, "मग काय. निघू या."

चुलतभावाने घात केला तेव्हा भाच्याला संताप आला होता, रडू आलं होतं, त्याचं नरडं धरावंसं वाटलं होतं. आता त्यातलं काही आलं नाही. कुंपणानेच शेत खाल्लं तर ओरडायचं कुणाच्या नावाने? इथल्या एवढ्या दिवसांत तो ज्या ज्या गोष्टीला सुख म्हणत आला होता त्या सगळ्या खोट्या होत्या की फक्त शेवटची खोटी, हे त्याला समजेना, आणि तेच त्याला फार लागलं.

भरायला त्याच्याकडे काही नव्हतंच. अंगातला शर्ट मामाचा होता. तो काढून त्याने घडी घातली, दिवाणावर ठेवला, आणि आला होता तो स्वतःचा घातला. तो आता दंडांत घट्ट होत होता. खालून मामाचा आवाज येत होता. काचेचे भाव किती वाढलेत ते तो बाबांना सांगत होता. आतल्या खोलीत कपाट उघडलं, बंद झालं, पुन्हा उघडलं. भाच्याने तिकडे बघितलं नाही. निरोप घ्यायचा तर काय म्हणून घ्यायचा, त्याला सुचलं नाही.

तो दुकानात उतरला आणि त्याच्या पाठोपाठ भागीदार उतरला. त्याच्या हातात बॅग होती आणि पायांत बाहेर जायचे बूट.

"कुठे निघालात?" मामाने विचारलं.

"खोली रिकामी करतोय," भागीदार म्हणाला. मग तो बाबांकडे वळला. "मला बस स्टँडपर्यंत सोडाल का? तुमच्या वाटेवरच आहे."

"अहो, विचारता काय. चला ना," बाबा म्हणाले.

मामा गल्ल्याला हात टेकून उभा होता. त्याचं तोंड उघडलं. पण थांब म्हणायला काहीतरी नातं लागतं, आणि चहा गार व्हायच्या आत त्याने ते स्वतःच्या तोंडाने पुसून टाकलं होतं. भाडेकरूला कोण कशाला थांबवेल, आणि तेही मेहुण्यासमोर? "सावकाश जा," एवढंच तो म्हणाला, आणि ते कुणाला म्हणाला ते कळलं नाही.

बाबांनी बॅग घेण्यासाठी डिकी उघडली. बॅगेला आत जागाच नव्हती. गुंडाळून दोरीने बांधलेली गादी, भाच्याचं घरचं पांघरूण, टेबलफॅन, पुस्तकांची दोन खोकी, थंडीचं जाकीट, आणि आईने कागदात नीट बांधून दिलेल्या त्याच्या चपला. भाचा त्या सामानाकडे बघत राहिला. दारात आलेला मामाही बघत होता.

"इथे ठेवायला म्हणून आणलं होतं," बाबा ओशाळून म्हणाले. "तुझ्या ताईने भरून दिलं सगळं. आता काय, परत नेऊ." आणि त्यांनी डिकी लावून टाकली.

भागीदार बॅग मांडीवर घेऊन मागे भाच्याशेजारी बसला. गाडी बाजारातून बाहेर पडून मोठ्या रस्त्याला लागली.

"गावाला निघालात का?" बाबांनी विचारलं.

"बहिणीकडे."

"परत कधी?"

"बघू," भागीदार म्हणाला.

बाबांनी गिअर बदलला. त्यांना बोलायचं होतं, आणि गाडी चालवताना समोरच्याकडे बघावं लागत नाही म्हणून त्यांना ते जमत असावं.

"तुमच्यासमोर बोलतोय, राग मानू नका. पण मला आज त्याचं काही कळलं नाही. तो असा नव्हता हो. मी तर घाबरत घाबरत आलो होतो, की तो मलाच सुनावेल, पोराला एवढं सोसावं लागलं तोवर तुम्ही काय झोपला होतात म्हणून." त्यांनी आरशातून भाच्याकडे बघितलं. "तुला काही कळलं का रे? असं का बोलला तो?"

भाच्याला कळलं होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. चुलतभावाला त्यासाठी टेबलावर चढावं लागलं होतं. भाच्याला जागेवरून हलायचीही गरज नव्हती. हे एक वाक्य बोललं की ज्याने त्याला उघड्यावर टाकलं तो स्वतः उद्या संध्याकाळपर्यंत सगळ्या नात्यागोत्यात उघडा पडला असता. वाक्य जिभेवर आलं. ते तिथे गोड लागलं, आणि भाच्याने ते बराच वेळ तसंच धरून ठेवलं. बाजूने एक ट्रक हॉर्न वाजवत पुढे गेला.

"नाही, बाबा," तो म्हणाला. "मला नाही माहीत."

बाबांनी सुस्कारा टाकला. भागीदाराने मान वळवून भाच्याकडे पाहिलं. मग मांडीवरची बॅग उचलून त्याने खाली पायांशी ठेवली आणि तो जरा पुढे सरकून बसला.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "गाडी जरा बाजूला घ्या."