नऊ खुंट्या

मुलीला इस्पितळात वर्षातून एकदा मोजायला बोलवायचे, औषध द्यायला नव्हे. हे आईला पहिल्याच खेपेला स्वच्छ सांगितलं होतं. मुलीचा आजार आईबापांकडून निम्मा निम्मा आलेला. उन्हाने कातडी जळायची, तिच्यावर डाग उठायचे आणि आत नसा हळूहळू झिजत जायच्या. असे रुग्ण मूठभरच. आजार किती वेगाने पुढे सरकतो हे कोणालाच धड ठाऊक नव्हतं, म्हणून हा अभ्यास चालला होता. डॉक्टरीणबाई घड्याळ लावायच्या, पोरगी लाकडी फळीच्या नऊ भोकांत नऊ खुंट्या बसवायची, आणि लागलेले सेकंद तक्त्यात चढायचे.

पण परीक्षा म्हटली की आईच्या अंगात यायचंच. आपली पोर कमी पडायची? छट्! तिने सुतारकाम करणाऱ्या भावाला गाठलं. "नुसता मिरवायला मामा झालास का? कर काहीतरी," म्हणाली. मामाने हुबेहूब तशीच फळी करून दिली. मग खिडक्यांना काळा कागद चिकटवलेल्या खोलीत रोज संध्याकाळी मायलेकींचा सराव सुरू झाला. "राणीसरकार, दमानं घ्या," बाप दारातून चिडवायचा. तपासणीच्या आधी दोन दिवस तर आई तिला पलंगावरून उतरूही द्यायची नाही, हात ताजे राहावेत म्हणून.

चोवीस, चोवीस, पंचवीस. तीन वर्षं आकडा जागचा हलला नाही आणि आईला कोण अभिमान! घरी मात्र पोरीच्या फ्रॉकची बटणं आता आईच लावत होती. चमचा हातातून सुटायचा, हाक दोनदा मारावी लागायची. कोणी विचारलं तर आई "सगळं छान आहे" म्हणून मोकळी व्हायची.

यंदा डॉक्टरीणबाई दारापर्यंत सामोऱ्या आल्या. "ताई, औषध आलंय. पुढच्या महिन्यात काही मुलांना देऊन बघणार आहेत."

आईने पोरीला पुढे केलं. "मग हिला कधी आणू?"

"हिला नाही घेता येणार. ज्यांची तब्येत तीन वर्षांत उतरलेली दिसते त्यांनाच घेताहेत. नाहीतर उतरण थांबली की नाही, कळणार कसं? हिची उतरलेलीच नाही. नशीबवान आहात."

बाहेरच्या बाकावर शेवटचा सराव करून घ्यायला आणलेली फळी आईने पिशवीतून काढली आणि टेबलावर ठेवली. सगळं सांगून टाकलं, मामासकट.

डॉक्टरीणबाईंना राग आला आणि तो त्यांनी लपवला नाही. "आम्ही काय इथे गुण द्यायला बसलो होतो?" मग अंगातला पांढरा कोट काढून त्यांनी पोरीला घातला. "बटणं लाव बघू, बाळ," त्या तिच्यासमोर वाकून मोठ्याने म्हणाल्या.

अकरा वर्षांची पोर खुशीत आली. बोटं बटणावर गेली, घसरली, पुन्हा गेली. आईचे हात आपसूक पुढे झाले तेव्हा बाईंनी तिचं मनगट धरून ठेवलं. दोन मिनिटं गेली, तीन गेली. एकही बटण लागलं नाही.

"बघितलंत ना? हेच लिहा मग!" आई म्हणाली.

"बटणं आमच्या तक्त्यात नाहीत, ताई. मी वरच्यांना विचारीन, पण ते नाहीच म्हणतील. हिचे जुने आकडेही आता बाद. आजपासून नव्याने मोजायचं."

"किती वर्षं?"

"तीन."

चौदाव्या वर्षी गेलेल्या मुलांच्या बंद फायली मागच्या कपाटात होत्या. बाईंनी तिकडे पाहिलं नाही, पण आईने पाहिलं. आपण आपल्याच हाताने पोरीचं वाटोळं केलं, हे तिला तिथे उभ्या उभ्या कळलं आणि ती तोंडावर पदर धरून रडायला लागली.

पोरीला बोलणं नीटसं ऐकूच गेलं नव्हतं. तिने फक्त आईचं तोंड पाहिलं आणि आपणच नापास झालो असं धरून चालली. उघड्या कोटातच ती टेबलाशी सरकली आणि फळी जवळ ओढली.

"आई, रडू नको ना. मी खुंट्या करून दाखवते. त्या येतात मला."

आणि एकही न पाडता तिने नऊच्या नऊ बसवल्या.