गेणबाचं मरण

डॉक्टरीणबाईंनी छातीवर गार जेली लावली तशा प्रयागबाई शहारल्या.

"गार वाटतंय का आजी?"

"वाटंना का. तू बघ तुझं."

पडद्यावर त्यांचं काळीज उघडमीट करू लागलं. पायाशी सून राजेश्वरी उभी होती. मुलगा रविराज बाहेर नंबर लावून बसला होता. गेल्या आठवड्यात खो-खो खेळताना नात उत्कर्षा चक्कर येऊन पडली. बारामतीला आणून टूडी एको केला, तर हृदयाची भिंत जाड निघाली. दुखणं रक्तातून येतं, म्हणून आता घरच्यांची पाळी.

"माझ्याच माहेरचं असंल," राजेश्वरी पुन्हा म्हणाली. "माझी आजी लई धापा टाकायची."

"नव्वदीत कोण न्हाय टाकत? गप ऱ्हा."

डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. "आजी, तुमचीही भिंत जाड आहे. माहेरी कुणी तरुणपणी अचानक गेलं होतं?"

"त्यांचा भाऊ, गेणबा," राजेश्वरीनेच सांगितलं. "पण त्यांना साप चावला होता."

"मग ते यात धरायला नको."

प्रयागबाई पडद्याकडे बघत राहिल्या. लासुर्ण्याच्या तालमीत एका पहाटे, वडील आबांखेरीज कुणी नसताना, एकोणीस वर्षांचा गेणबा शड्डू ठोकून उभा राहिला आणि तसाच कोसळला. त्याच संध्याकाळी आबांनी दोघी बहिणींना जवळ बसवलं होतं. घराण्यात रोग म्हटला तर पोरी उजवायच्या कशा? साप म्हणायचं. तेव्हापासून साठ वर्षं प्रयागबाई नागपंचमीला वारुळावर भावाच्या नावानं दूध घालत होत्या.

"धरा," त्या म्हणाल्या. "साप न्हवता. कुस्ती खेळताना गेला. आमी खोटं बोलत आलो."

राजेश्वरी पुढे झाली. आपल्या पदराने तिने सासूच्या छातीवरची जेली पुसली, लेकराचं अंग पुसावं तशी.

"म्हंजी आत्या, इतकी वर्षं नागोबाला फुकटच दूध पाजलं की तुमी."

प्रयागबाईंना हसू आलं, डोळेही भरले. "पोरगी जगंल न्हवं?"

"गोळ्या, दरवर्षी ही तपासणी, आणि पळापळ बंद. जपलं तर चांगली जगेल. पण तुमच्या बहिणीकडच्यांनाही तपासायला हवं."

बाहेर आल्यावर रविराजने बावड्याच्या मावशीला फोन लावून दिला.

"रंगे, पोरंबाळं घिऊन बारामतीला ये. काळीज तपासून घ्यायचंय समद्यांचं. गेणबाचं खरं सांगितलं मी."

पलीकडे रंगूबाईंनी दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"अक्का," मग त्या म्हणाल्या, "आमचा थोरला पोरगा गेला, त्यालाबी साप न्हवता चावला."