बाही कोपराच्या वर

भोंगा हे काही मुलीचं नाव नव्हे, हे कुणीही मान्य करेल. पण पाच वर्षांची ती पोर बेकरीच्या दारात स्टुलावर चढून "गरम पाऽऽव" अशी आरोळी ठोकायची, तेव्हा समोरच्या छत्रीवाल्याच्या हातातली काडी निसटायची आणि वरच्या मजल्यावरचं झोपलेलं बाळ उठून बसायचं. मामाने हे नाव ठेवलं आणि ते ओल्या पिठासारखं चिकटलं. आईने चार दिवस कुरकुर केली आणि पाचव्या दिवशी तीच जिन्यातून हाक मारायला लागली, "भोंग्या, जेवायला ये."

बेकरी आईच्या वडिलांची. पुढे काउंटर, मागे भट्टीची खोली. त्या मागच्या खोलीत बाराही महिने उन्हाळा. मधोमध लाकडी टेबल, आजोबांच्या तळव्यांनी एका बाजूला खोलगट झालेलं, कुणी रोज तिथेच बसून गप्पा मारल्यासारखं. आजोबांचा नियम एकच होता : टेबलाला हात लावायचा तर बाही कोपराच्या वर. "पाव गिऱ्हाइकाला विकायचाय, बाहीला भरवायचा नाही," म्हणायचे. मग समोर मामा असो नाहीतर तपासणीला आलेला साहेब.

भोंगाला त्यांनीच शिकवलं. उजव्या हाताने पीठ भुरभुरवायचं आणि डाव्या हाताची शेवटची दोन बोटं फुगलेल्या गोळ्यात हलकेच दाबायची. खळगा टुणकन वर आला तर पीठ कच्चं. तसाच राहिला तर वेळ टळली. आणि झोपेतून उठणाऱ्या माणसासारखा आळस देत देत वर आला, तर टाक भट्टीत. भोंगा डोळे मिटून सांगायची. आजोबा मुद्दाम फसवायला जायचे आणि ती फसायची नाही म्हणून खूश व्हायचे. हरण्याचा एवढा आनंद झालेला दुसरा माणूस तिने पाहिला नाही.

आजोबा गेले. भोंगा मोठी झाली. आणि पंधराव्या वर्षी भोंगा वाजायचा बंद झाला.

कारण विचाराल तर एक नव्हतंच. जिवाभावाची मैत्रीण तुटली, शाळेत एका घोळक्याने तिचं जगणं नकोसं केलं, घरी सगळे आपापल्या कामात गळ्यापर्यंत बुडालेले. बोलायचं कुणाशी, तर कुणाशीच नाही. मग ती स्वतःलाच इजा करायला लागली. लपून, कित्येक महिने. एके दिवशी प्रकरण दवाखान्यापर्यंत गेलं. हात वाचला, पण डाव्या हाताची नस कायमची दुखावली. ज्या दोन बोटांना पिठाची भाषा कळायची तीच बहिरी झाली. गरम-गार, मऊ-टणक, त्यांना सगळं सारखंच.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. भोंगा आता चोवीस वर्षांची होती, बेकरीच्या काउंटरवर बसायची, आणि लोक म्हणायचे, छान सावरली हो पोरगी. सावरली होतीच. समुपदेशक बाईंकडे ती अजूनही जायची. वाईट दिवस आला की गुपचूप बसायचं नाही, कुणाला तरी सांगायचं, हे शिकली होती. पण लोकांना न दिसणाऱ्या गोष्टी होत्याच. थंडीत जुने व्रण आवळायचे आणि हात कोपरापर्यंत ठणकायचा. बटण लावताना बोटं दगा द्यायची. गरम कप धरलाय हे तिला चामडी लाल झाल्यावर कळायचं. आणि ती न्हाणीघरात गेली की दोन मिनिटांत दाराबाहेरून आईचा आवाज यायचा, "आहेस ना गं?"

"आहे."

नऊ वर्षं, रोज. केस धुवायचे असले की चार-पाचदा.

आई तिचे सगळे कपडे स्वतः शिवायची. लांब बाह्या, मनगटाला घट्ट. भर उन्हाळ्यातही. कुणी विचारलंच तर भोंगाने तोंड उघडायच्या आत आईचं उत्तर तयार असायचं, "तिला उन्हाची ॲलर्जी आहे." इतक्या वेळा सांगितलं की शेजारची बाई एकदा मलम घेऊन आली.

तर अशा सगळ्यात मामाचा खांदा गेला. डॉक्टरांनी पीठ मळणं बंद म्हणजे बंदच केलं. मामाने मग पावाच्या कारखान्याच्या गाडीवाल्याला बोलावणं धाडलं. सोमवारपासून तयार पाव येणार, भट्टी विझणार.

"दुसरं काय करू?" मामा म्हणाला. "टेबलाशी उभं राहायला माणूस कुठाय?"

"मी राहते," भोंगा म्हणाली.

मामाने आईकडे पाहिलं. आईने खिडकीकडे.

"तिचा हात," आई म्हणाली.

"माझा हात माझ्याजवळच आहे, आई. त्यालाच विचार."

"तसं नाही गं. तिथे बाह्या..." आणि आई थांबली. पुढचं त्या घरात कधी कुणी बोललंच नव्हतं.

आईने तोडगा काढला. प्लास्टिकच्या बाह्या, दोन्हीकडे इलॅस्टिक. शनिवारी पहाटे भोंगा त्या चढवून टेबलाशी उभी राहिली, एखाद्या गुंडाळून ठेवलेल्या सोफ्यासारखी. पीठ प्लास्टिकला चिकटलं, मग कोपराला, मग हनुवटीला. ती एक हात सोडवायला गेली तर दुसरा अडकला. स्टुलावर बसलेला मामा हसू दाबता दाबता खोकायला लागला.

"हसा, हसा," भोंगा म्हणाली. "खांदा दुखेल तुमचाच."

मग तिने प्लास्टिक ओढून काढलं. नळाखाली हात धुतले. आणि आतली बाही दुमडत दुमडत कोपराच्या वर नेली.

मामाने तिचे हात पहिल्यांदाच पाहिले. नऊ वर्षांत एकदाही नाही. त्याचा चेहरा रडवेला झाला, मग त्याने नाक ओढलं आणि म्हणाला, "जरा पुढे सरक. टेबलापासून लांब उभं राहिलं की कंबर जाते."

ती मळायला लागली. आणि काय सांगावं, सगळं आठवलं. पीठ पुढे ढकलायचं, दुमडायचं, वळवायचं. मैद्याचा तो कोरडा, गोडसर वास, भट्टीची ऊब, उघड्या हातांवर बसलेलं पांढरं पीठ. कित्येक वर्षांत तिच्या हातांना वारा लागला नव्हता. एक क्षण तर तिला वाटलं, मागून आजोबा कानात म्हणतील, जोर कमी, लाड जास्त.

गोळे फुगले. भोंगाने सवयीने डोळे मिटून डावी दोन बोटं दाबली. काहीच कळलं नाही. म्हणजे अजून कच्चं असेल, ती थांबली. पुन्हा दाबली, पुन्हा काही नाही. आणखी थांबली, आणि वेळ टळली. पाव भट्टीतून बाहेर आले ते सपाट. ओळीने मांडलेल्या चपलांसारखे.

ती खाली जमिनीवर बसली आणि हुंदके देऊन रडली. चपटे पाव काय, पुन्हा करता येतात. बोटं? आजोबांनी एवढ्या हौसेने शिकवलेली ती बोटं दुसऱ्या कुणी हिरावून घेतली असती तर त्याच्या नावाने बोटं तरी मोडली असती. पण इथे भांडायला समोर कुणी नव्हतं. होती ती पंधरा वर्षांची एक एकटी पोर, आणि तिला ओरडायचं म्हटलं तर आवाजच फुटेना.

मामा कसाबसा वाकून तिच्याशेजारी येऊन बसला. एक चपटा पाव तोडून खाल्ला.

"उजवा हात आहे की," तो म्हणाला.

"उजव्याला काही येत नाही, मामा."

"मग शिकव त्याला. पाच वर्षांची होतीस तेव्हा डाव्याला तरी काय येत होतं? पहिल्या दिवशी मुठीने बुक्की मारली होतीस गोळ्याला. तुझे आजोबा दिवसभर सगळ्यांना सांगत होते."

"काय सांगत होते?"

"म्हणाले, नात पहिलवान निघाली."

भोंगा नाक पुसत हसली आणि चपट्या पावांची थाळी घेऊन पुढे काउंटरवर गेली, कारण घंटी वाजली होती. बाह्या खाली करायचं तिच्या लक्षात राहिलं नाही. समोर निवृत्त पोस्टमनकाका होते, रोजचं पहिलं गिऱ्हाईक. आणि त्यांच्या मागोमाग दार ढकलून आई आत आली.

"आज पाव असे का? कुणी वर बसलं होतं काय?" काकांनी विचारलं, आणि मग त्यांची नजर खाली गेली. "हे काय गं हाताला?"

"भट्टीचं," आई झटकन म्हणाली. "भट्टीचे चटके. होतं असं."

भोंगाने आईकडे पाहिलं. खोटं खपून गेलं असतं. बेकरीत कुणाच्या हातावर डाग नसतो?

"नाही काका," भोंगा म्हणाली. आवाज थरथरत होता, पण येत होता. "माझं मीच केलंय. लहान होते तेव्हा. आता नाही करत."

काका पिशवीची दोन्ही टोकं जुळवत राहिले. मग म्हणाले, "दुखतं का अजून?"

"थंडीत."

"माझा गुडघाही थंडीतच," ते म्हणाले. "गरम पाण्याची पिशवी ठेवत जा. आणि ते चपटे पाव दे सहा. दात नसलेल्याला बरे."

काका गेले. आई तडक मागच्या खोलीत गेली. भोंगा तिच्या मागे गेली.

"नऊ वर्षं," आई म्हणाली. तिची पाठ भोंगाकडे होती. "नऊ वर्षं मी एकेका माणसापासून जपलं तुला. आणि तू एका वाक्यात..."

"तू झाकलंस म्हणून मी बाहेर पडू शकले, आई. खरंच. पण आता मला पीठ मळायचंय."

"मला बघवत नाही गं." आई वळली. "ते दिसलं की वाटतं, मी भिंतीपलीकडे बसून शिवणाचं मशीन चालवत होते. मशीनच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही."

भोंगाला वाटायचं, आई लाजते. आईला हे असं काही वाटत असेल हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"तुला ऐकू येऊ नये म्हणूनच मी गप्प होते," ती म्हणाली. "तुझं काही चुकलं नाही. बघवत नसेल तर नको बघूस. पण जाऊ नकोस इथून."

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. सोमवारऐवजी शनिवारीच गाडीवाला दत्त म्हणून हजर. नमुन्याचा पाव घेऊन आत आला, चकचकीत कागदातला, कापलेला. "मग पक्कं ना मामा? परवापासून?"

मामाने आईकडे पाहिलं. या खेपेला आईने खिडकीकडे पाहिलं नाही. लेकीच्या उघड्या हातांकडे पाहिलं, पुष्कळ वेळ, डोळे भरून येईपर्यंत.

"नको," ती गाडीवाल्याला म्हणाली. "आमच्याकडे मळणारी आहे."

गाडीवाला नमुना ठेवून गेला. मामाने तुकडा तोंडात टाकला. "तसा वाईट नाहीये हां," म्हणाला, आणि दोघींनी अशा नजरेने पाहिलं की त्याने उरलेला पाव पाठीमागे लपवला.

भोंगाने पुन्हा पीठ काढलं. आई शेजारी येऊन उभी राहिली. काय करावं हे तिला कळत नसावं. मग तिने हात पुढे केला आणि लेकीचा डावा हात धरला, व्रणांवरून अंगठा फिरवत बोटांपर्यंत आली.

"ही दोन बोटं एवढी गार?"

"असतात तशी."

"मला कधी बोलली नाहीस."

"तू ती कधी धरली नाहीस ना."

आईने ती दोन्ही तळव्यांत घट्ट धरून ठेवली. "आता तू ऊठ बरं भट्टीजवळून," ती मामाला म्हणाली. "तिथे ती उभी राहील, बोटांना ऊब मिळेल."

"अगं ताई, माझा खांदा शेकत होतो..."

"खांद्याला काय होतंय? तू दाराशी बस."