राखणीचा मासा

बावन्न सालच्या पावसात उमेळे गावची इनेझ म्हातारी तापातून उठली, पण तिच्या तोंडाला काही चव येईना. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, मासळी आणायची कुठून? तेव्हा धाकटी सून लिलीने बांबूच्या काठीला दोरा नि गळ बांधला आणि वाडीतल्या बावखलावर, म्हणजे केळींमधल्या जुन्या तळ्यावर, जाऊन बसली. बापाने माहेरी शिकवलेलं. तासाभरात ती हातभर मरळ घेऊन आली आणि म्हातारीने वाटीभर कालवण ओरपलं.

झालं! त्या दिवसापासून घरात नुसतं लिली, लिली, लिली.

थोरल्या मॅग्डलीनच्या अंगाचा तिळपापड झाला. का होणार नाही? अकरा वर्षं या घरात राबतेय ती. तापात म्हातारीच्या उशाशी बसून रात्री काढल्या त्या कोणी? तिनेच. आणि कालची आलेली ही पोरगी चार मासे धरून राणी झाली. म्हातारी हाक मारायची तीही लिलीला. मॅग्डलीन समोर पेज घेऊन उभी असली तरी विचारायची, "लिली कुठे गेली गं?"

मग एके दिवशी लिलीने काठी वळचणीला खोचून ठेवली. "आय, आता थोडे दिवस मासा नाही. बावखलात लाल पिलावळ आलीय."

म्हातारीने मान हलवली. रीत तिचीच होती. मरळीची पिल्लं लाल दोऱ्यांसारखी घोळक्याने वर येतात आणि मोठा मासा खाली राखणीला फिरतो. पिल्लं मोठी होऊन पांगेपर्यंत त्या बावखलात कोणी गळ टाकायचा नाही. चार घरांचं तळं ते, चारही घरं हे पाळत.

मॅग्डलीनलाही रीत पाठ होती. पण तिच्या मनात आलं, लिली थांबलीय तोवरच संधी आहे. म्हातारीच्या पोटात एकदा तरी माझ्या हातचा मासा जाऊ दे, मग बघू कोणाचं नाव घेते ती!

दुसऱ्या सकाळी लिली देवळात मिस्साच्या प्रार्थनेला गेल्याचं बघून तिने काठी काढली. गळाला बेडूक लावताना बोटात काटा रुतला, तरी हटली नाही. गळ नेमका त्या लाल घोळक्यावर सोडला. पिल्लांवर काही आलं की राखणीचा मासा झेप घेतोच. शिकायला काय लागतंय त्यात? दोरा ताणला, तिने दोन्ही हातांनी ओढला, आणि मासा गवतात येऊन आपटला.

दुपारी म्हातारी दोन तुकडे मिटक्या मारत जेवली. "लिले, दुसऱ्या बावखलातून धरलास होय शेवटी!"

मॅग्डलीनने तोंड उघडलं, तोच पाणी खेचायच्या रहाटावरचा आत्माराम दारात आला. "इनेझबाय, बावखलातला राखणीचा मासा कोनी नेला वो? पिल्लं पायरीला लागलीत नुसती. बगळे टिपून खातायत."

म्हातारीचा घास हातातच राहिला. "कोनी धरला?"

लिलीने मॅग्डलीनच्या बोटाला गुंडाळलेल्या चिंधीकडे पाहिलं. मग खाली बघून म्हणाली, "मी, आय."

म्हातारीने घास ताटात ठेवला. मग सुस्कारा सोडून म्हणाली, "जाऊ दे. आजारी म्हातारीसाठी धरलास ना? जीव आहे गं पोरीचा माझ्यावर."

अगं बाई! पाप केलं मॅग्डलीनने आणि पुण्य मेलं लिलीच्या पदरात! चांगुलपणातही हिनेच पुढे राहायचं काय? मॅग्डलीनला ते सोसेना.

"मी धरला!" ती ओरडलीच. "हिला काय विचारता? मी धरला, माझ्या हाताने. हे बघा बोट!"

म्हातारीने ताट सरकवलं आणि जी सुरू झाली! "मॅगे, लाज नाही वाटली? ही पोरगी नवी. तिचं चुकलं तर मी सोडून देईन. पण तू? अकरा वर्षं तुला सगळं शिकवलं ते कशाला? उद्या मी गेल्यावर या घरात रीत सांगायची कोनी? तूच ना! मग तूच मोडायचीस?"

मॅग्डलीन भिंतीला टेकून उभी राहिली. डोळे भरून वाहत होते, पण तिने ते पुसले नाहीत. लिलीने पहिली मरळ आणल्यापासून म्हातारी तिच्याशी एवढं बोलली नव्हती.

"आय, पुरे आता," लिली मध्ये पडली. "मॅगीबाय रडतेय बघा."

"तू गप गं!" मॅग्डलीन तिच्यावर खेकसली. "आय माझ्याशी बोलतेय."