रेड टॅग

समाधानने व्यायामाच्या सायकलवरचे टॉवेल एकेक करून उचलले, पलंगावर टाकले आणि सायकलच्या हँडलला लाल कागद चिकटवला. मग मागे सरून, मान तिरपी करून तो ठीक बसलाय का ते पाहिलं.

"ही पहिली," तो म्हणाला. "आहे कुणाची हरकत?"

हरकत कुणाचीच नव्हती. लॉकडाऊनमध्ये हौसेने घेतलेल्या त्या सायकलने घरातल्या कुणाचंही पोट आत गेलं नव्हतं. टॉवेल मात्र तिच्यावर झकास वाळत. वर्षाली स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली,

"हरकत नाही, पण टॉवेल कुठे घालायचे तेवढं सांगा."

"दोरीवर. दोरीला जागा लागत नाही."

समाधान चाकणच्या कंपनीत होता. तिथे गाड्यांचे पत्र्याचे भाग बनत, आणि उन्हाळ्यापासून तिथला ओव्हरटाइम बंद झाला होता. नोकरी शाबूत होती, पगार वेळेवर होत होता. पण रहाटणीतला हा फ्लॅट घेताना नवराबायकोने सगळं गणित ओव्हरटाइम धरून मांडलं होतं. ओव्हरटाइम म्हणजे पगारच, असं समजून घर घ्यायचं, ही या पट्ट्यातली जुनी खोड. त्यांच्या मजल्यावरच्या निम्म्या घरांनी तीच चूक केली होती आणि आता सगळेच लिफ्टमध्ये एकमेकांकडे पाहून कसनुसं हसत होते.

तर, रोग कंपनीकडून आला म्हणून समाधानने औषधही कंपनीतूनच आणलं. तिथे अधूनमधून साफसफाईची मोहीम निघे. कामाच्या जागेवर जी वस्तू नको, तिला रेड टॅग लावायचा. कुणाला ती हवी असेल तर त्याने स्वतः येऊन टॅग काढायचा आणि का हवी ते सांगायचं. कुणीच आलं नाही, तर वस्तू भंगारात. जुन्या छपाईच्या टॅगचा एक गठ्ठा रद्दीत निघाला होता. साहेबांना विचारून तो त्याने घरी आणला. नियम तेच. मुदत रविवारपर्यंत.

पहिल्या आठवड्यात घरात सणासारखी धांदल उडाली. सायकल गेली. कुणी न वाचलेला ज्ञानकोश गेला. तिसरीतल्या लेकीने, स्वरूपाने, अत्यंत गंभीर चेहऱ्याने आपल्या अबॅकसच्या दप्तराला टॅग लावला. समाधान हसून हसून बेजार झाला, आणि वर्षालीने तो टॅग काढून कारण सांगितलं, "वर्षाची फी भरून झालीय." रविवारची बाहेरची मिसळ बंद होऊन घरची सुरू झाली. ती फार तिखट झाली आणि सगळ्यांनी पाणी पीत पीत संपवली. काटकसर ही रडत करायची गोष्ट आहे असं वर्षालीला वाटत आलं होतं. तसं काही दिसत नव्हतं, आणि याचा तिला मनापासून आनंद झाला.

मग एका संध्याकाळी समाधान खाली पार्किंगमध्ये गेला आणि त्याने स्वतःच्या बुलेटच्या टाकीवर टॅग लावला.

ती बुलेट त्याने लग्नाच्याही आधी मनात धरून ठेवली होती. रविवारी तो तिला धुवायचा तेव्हा कुणी मध्ये बोललेलं त्याला खपायचं नाही. वर्षाली म्हणाली, "अहो, कंपनीत कसं जाणार?" तो म्हणाला, "नाशिक फाट्यावरून कंपनीची बस आहे की. तिथवर शेअर रिक्षा." रविवारी भोसरीचा एक माणूस येऊन बुलेट घेऊन गेला. समाधान गेटपर्यंत गेला, गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत थांबला आणि वर येऊन चहा मागितला.

त्या दिवसापासून वर्षाली टॅगच्या गठ्ठ्यावर नजर ठेवू लागली. कारण आता घरात मोठी म्हणावी अशी एकच वस्तू उरली होती, आणि ती तिची होती.

हॉलच्या खिडकीखाली पिको-फॉलचं मशीन होतं. स्वरूपा व्हायच्या आधी वर्षाली भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये पॅकिंगला जायची. त्या पगारातून मागे टाकून तिने ते घेतलं होतं. क्लास केला होता. दारावर पाटी लावली होती. काही महिने साड्या आल्याही. मग स्वरूपाचं सारखं आजारी पडणं सुरू झालं, दिलेल्या साड्या वेळेवर जाईनात, बायका दुसरीकडे वळल्या, आणि एका पावसाळ्यात पाटी पडली ती तिने पुन्हा लावली नाही. आता मशीनवर झाकण होतं, झाकणावर चादर होती आणि चादरीवर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. तरी अधूनमधून दुपारी, घरात कुणी नसताना, ती ढीग उतरवून मशीनला तेल द्यायची. कशासाठी, हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आणि टॅग काढायचा तर कारण सांगावं लागत होतं. मला हवंय, एवढंच कारण तिच्याकडे होतं. नवऱ्याने बुलेट दिल्यावर ते कोणत्या तोंडाने सांगायचं?

नवरात्रात समाधानची आई, अंबुबाई, औशाहून आली. तिला मोतीबिंदू दाखवायचा होता. घट थोरल्या सुनेवर सोपवून ती एसटीने आली आणि आल्या आल्या लसूण सोलायला बसली. रिकामं बसणं तिला जमत नसे. त्याच संध्याकाळी समाधानने टॅगची दुसरी फेरी काढली. जुना कूलर, मिक्सरचं मोठं भांडं, टीव्हीच्या डिशचा डबा. अंबुबाई डोळे बारीक करून पाहत होती.

"समद्यांनाच लावायलास का रे?"

"बघून बघून लावायचं असतं, आई," टॅगचं टोक दातात धरून समाधान म्हणाला.

"लाव बाबा. चांगलं हाय."

मशीनकडे त्याने पाहिलंही नाही. वर्षालीने सुटकेचा श्वास टाकला आणि लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी समाधान पहिल्या शिफ्टला गेला. सकाळच्या धांदलीत वर्षालीने खिडकीकडे पाहिलंही नव्हतं. स्वरूपाला शाळेच्या व्हॅनमध्ये बसवून ती वर आली, आणि हॉलमध्ये आल्यावर तिचे पाय जागीच थबकले. कपड्यांचा ढीग नीट घड्या घालून पलंगावर ठेवलेला होता. चादर नव्हती, झाकण नव्हतं. मशीन उघडं होतं, लख्ख पुसलेलं होतं, आणि त्याच्या मानेवर लाल टॅग होता.

विकायची वस्तू पुसूनच ठेवतात. बुलेटसुद्धा त्याने पुसली होती.

अंबुबाई आंघोळीला गेली होती. वर्षाली मशीनसमोरच्या स्टुलावर बसली आणि रडली. फार नाही, बाथरूममधलं पाणी बंद होईपर्यंत. तोंडावर सांगितलं असतं तर एवढं लागलं नसतं, असं तिला वाटत राहिलं. मग तिने पदराने तोंड पुसलं, मशीनचा फोटो काढला आणि सोसायटीच्या बायकांच्या ग्रुपवर टाकला. नियम म्हणजे नियम. तिथून तो पुढे गेला आणि दुपारपर्यंत काळेवाडीच्या साधना नावाच्या बाईंचा फोन आला. उद्या सुट्टी आहे, चारच्या सुमाराला बघायला येते म्हणाल्या.

संध्याकाळी समाधान आला. बूट काढताना त्याची नजर खिडकीकडे गेली. एक बूट हातात घेऊन तो तसाच उभा राहिला.

"ठरवलंस?" त्याने विचारलं.

"ठरलेलंच आहे की," वर्षाली पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "उद्या बाई येणार आहेत बघायला."

"बरं."

तो हातपाय धुवायला गेला आणि नेहमीपेक्षा बराच वेळ बाहेर आला नाही. जेवताना दोघंही अंबुबाईशी बोलले, स्वरूपाशी बोलले, एकमेकांना भाजी वाढली. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याने एकदा "वर्षाली" अशी हाक मारली. तिने झोपेचं सोंग घेतलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. कंपनीत प्रेस मशीनला हार घालून, नारळ फोडून दुपारीच सोडलं. समाधान पेढ्यांचा पुडा आणि झेंडूची फुलं घेऊन घरी आला. अंबुबाईने ताटात हळद, कुंकू, अक्षता काढून ठेवल्या होत्या आणि ती झेंडूची माळ ओवायला बसली. सांगितल्याप्रमाणे चारला साधनाबाई आल्या. चाळिशीच्या, बोलायला मोकळ्या, हातात पिशवी. पिशवीत एक कोरी साडी होती.

"चालवून बघते हं ताई. राग मानू नका. घरी बसून काहीतरी करावं म्हणते, पण मशीन कसं असतं काही कळत नाही."

"बघा ना," वर्षाली म्हणाली. तिने साडीचा काठ मशीनखाली सरकवून दिला. हात सरावाने आपोआप चालले आणि काठ पहिल्याच झटक्यात सरळ बसला. साधनाबाई स्टूल ओढून बसू लागल्या.

"अवं बाई, थांबा थांबा," अंबुबाई माळ तशीच ताटात टाकून उठली. "आज बसू नका त्याच्यावर. आज हत्यारं चालवत न्हाईत."

साधनाबाई अर्धवट उभ्याच राहिल्या. "अगं बाई, खरंच की. नवमी आहे. पण मावशी, पूजा अजून कुठे मांडलीय?"

"मांडायचीच हाय. हळदकुकू न्हाई लावलं अजून. पर लाल लावून ठिवलंय की मी कालच." तिने मशीनच्या मानेवरच्या टॅगवर हात ठेवला. "ह्यानं समद्याला लावलं. त्या गार हवेच्या डब्याला लावलं, भांड्याला लावलं. म्हटलं, शहरात कुकवाच्या जागी कागुद लावत असतील. आन् कमाईचं हत्यार तर ह्या घरात हे एकच. त्यालाच इसरलं पोरगं. कापडं टाकून ठिवली होती वर. मी पुसलं आन् लावलं."

खालून कुणीतरी गाडीला हार घातल्यावर हॉर्न वाजवत होतं.

वर्षालीने नवऱ्याकडे पाहिलं.

"तुम्ही नाही लावला?"

"मी?" समाधानच्या हातातला पेढ्यांचा पुडा तसाच होता. "मी कशाला लावीन? मला वाटलं, तूच लावलास. मी बुलेट विकली म्हणून." तो थांबला. "काल रात्री तेच विचारायला हाक मारली होती."

वर्षालीला एकदम हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. काय करावं ते न कळून ती मशीनखालची साडी ओढून घड्या घालू लागली. घड्या काही नीट पडेनात. साधनाबाईंना काय घडलंय ते पुरतं कळलं नव्हतं, पण बाई हुशार होत्या. त्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि स्टूल पुन्हा जागेवर सरकवलं.

"मग ताई, मशीन द्यायचं नाही असं दिसतंय."

"नाही," वर्षाली म्हणाली. एवढा सरळ 'नाही' तिच्या तोंडून निघाल्याचं तिलाच नवल वाटलं. "तुम्हाला उगीच हेलपाटा पडला. माफ करा."

"हेलपाटा कसला. आता ही साडी तेवढी पिको-फॉल करून द्या. आमच्या गल्लीतल्या बायकांच्याही पडून आहेत, त्यांना सांगते. आणि शिकवत असाल तर मी येईन, मशीन घ्यायचं ते शिकूनच घेते."

"दसरा होऊ दे. परवा बसते मी."

अंबुबाईला या बोलण्यातलं फारसं काही ऐकू गेलं नव्हतं. ती ताट घेऊन आली होती आणि सुनेला बाजूला व्हायला खुणावत होती. समाधान पुढे झाला. त्याला आता हसू आवरत नव्हतं.

"आई, तुला सांगू का, तो कागद कंपनीत कशाला लावतात—"

"राहू द्या," वर्षालीने त्याच्या दंडाला धरलं. "बरोबर लावलाय त्यांनी."

अंबुबाईने कुंकवात बोट बुडवून टॅगवर टेकवलं. लालावर लाल काही दिसेना. तिने डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं, मग बोट पदराला पुसलं आणि आधी हळद लावली.